उठून जाण्याचे पैसे

बाबा,

आज सकाळपासून मी हॉटेलात बसून आहे. आई असती तर एवढं एकच वाक्य ऐकून तिला भोवळ आली असती, आणि शुद्धीवर आल्याबरोबर तिनं विचारलं असतं, ‘किती गेले?’ समोरच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून बसले आहे. इथून प्रत्येक येणारी गाडी मला दिसते आणि प्रत्येक गाडीला मी दिसते, त्यामुळे गिऱ्हाईक असल्यासारखी बसले आहे. हातात कागद घेतला तो त्याचसाठी, नाहीतर पदराशी चाळा करणारी बाई पाहून आलेलं गिऱ्हाईकही परत जायचं. आपल्यात आत्मा-बित्मा मानत नाहीत, तेव्हा हे पत्र कुठे पोचायचं नाही हे मला ठाऊक आहे. माझे वर्तमानपत्रातले लेखही फारसे कुठे पोचत नाहीत. त्यामुळे सवय आहे.

हॉटेल तुमच्या नातवाचं आहे. आरमोरीच्या अलीकडे, नागपूरच्या रस्त्याला, बाभळीखाली टिनाचं छप्पर, चार टेबलं, आठ बाक, एक भट्टी. नोकरीसाठी त्यानं इतक्या परीक्षा दिल्या की पुढे पुढे पोस्टमनच त्याची समजूत घालायला लागला होता. एक दिवस म्हणाला, आई, आता अर्ज नाही, आलूबोंडे. माझ्या पाटल्या या टिनाच्या छपरात आहेत. पाऊस आला की वाजतील. तुमचे जावई सकाळी ड्युटीवर जाताना म्हणाले, ‘संध्याकाळी निकाल सांग.’ जणू पेपर मी एकटीनं लिहायचा होता.

यात गंमत काय आहे ते तुम्हाला सांगायलाच हवं. गेली कित्येक वर्षं चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात मी लोकांच्या टोप्या उडवते. शाळेतल्या बाई म्हणून मला कोणी ओळखत नाही, ‘ती तिखट लिहिणारी’ म्हणून ओळखतात. माझा सगळ्यात गाजलेला लेख कोणता, तर हॉटेलात जेवणं हा पैशाचा कसा चुराडा आहे यावर. घरी बायकोनं तेच वरण केलं तर नवरा मिठावरून भांडतो आणि हॉटेलात तेच वरण पातळ करून दिलं की बोटं चाटून वर ‘वा’ म्हणतो, असं बरंच काही त्यात होतं. लोकांनी कात्रणं ठेवली. आमच्या हेडमास्तरांनी तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला आणि तेव्हापासून शाळेतला एकही मास्तर माझ्यासमोर बाहेरचं खात नाही. आणि आता मी इथे बसून एकेका गाडीकडे बघत मनात म्हणते आहे, उतरा रे बाबांनो, करा चुराडा. तुमचा नातू म्हणतो, तो लेख फ्रेम करून भट्टीच्या मागे लावू. त्याची जीभ माझ्यावर गेली आहे.

काल उद्‌घाटन झालं. गावातले बरेच लोक आले. नारळाच्या जागी मेणबत्ती पाहिली, भिंतीवर बुद्ध आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो पाहिला, ‘फार छान, फार छान’ म्हणाले आणि आज उपास आहे म्हणून पाणीही न पिता गेले. इतक्या लोकांना एकदम उपास यावा असा कोणता दिवस होता म्हणून मी घरी जाऊन कॅलेंडर पाहिलं. चतुर्थी नव्हती, एकादशी नव्हती, सोमवारही नव्हता. आपली माणसं थांबली, पोटभर जेवली, आणि आपलंच हॉटेल म्हणून तशीच गेली.

तेव्हा गावावर हे हॉटेल चालायचं नाही. चाललं तर गाडीवर चालेल. गडचिरोलीहून नागपूरला जाणारी दुपारची गाडी पुढच्या वळणावरच्या जुन्या हॉटेलवर थांबते. पोरानं त्या ड्रायव्हरच्या खूप विनवण्या केल्या, तेव्हा तो म्हणाला, ‘एक दिवस थांबवून पाहातो. पब्लिक उतरलं, खाल्लं, तं रोजचं. नाई उतरलं तं माह्या डोक्याले ताप नोको.’ तो एक दिवस आज आहे. आलूबोंड्यांचा पहिला घाणा पोरानं घाईनं काढला आणि ते आता थंड होत आहेत. दुसरा टाकू का म्हणून तो दर थोड्या वेळानं मला विचारतो, आणि मी, जिला सगळ्या जगाला काय करावं ते दर आठवड्याला सांगता येतं, ती ‘थांब जरा’ एवढंच म्हणते आहे.

तुम्ही असता तर हे बोलणं ड्रायव्हरशी तुम्ही केलं असतं, ड्रायव्हरच्या भाषेत. जन्मभर एसटी चालवलीत, हॉटेलवाल्याचा आणि एसटीच्या ड्रायव्हरचा व्यवहार तुमच्याइतका कुणाला माहीत? गाडी ज्याच्या दारात उभी करायची, त्याच्याकडे ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट. गाडीभर गिऱ्हाईक आणून दिलं त्याची ती दक्षिणा. सगळीकडे हीच रीत, आणि सगळीकडे ‘व्यवस्था मागे’ असते. मागे म्हणजे भट्टीच्या पलीकडे, नळाजवळ, दोन पालथे डबे नाहीतर एक मोडका बाक. तिथे बसून जेवायचं, जेवून झालं की आपलं ताट नळावर विसळायचं आणि पालथं घालायचं. यात जातीपातीचं काही नव्हतं हेही खरं. एखादा जोशी ड्रायव्हर असता तर त्यानंही विसळलं असतं. फुकटाला तेवढं करावं लागतं.

तुम्ही मात्र पैसे देऊन जेवत होता. महिन्यातून एखाद-दोनदा, डबा बरोबर असताना. आईला हे कळलं ते तुमच्या कंडक्टरकडून, ज्यांना आम्ही चाचा म्हणत असू. ते घरी चहाला आले होते आणि बिचारे सहज बोलून गेले, ‘भाबी, अपना तो मुफत का है. भाऊ काऊन पैसे देते, मालूम नई.’ चाचा गेले. आई चुलीपुढे बसली आहे, तुम्ही पाटावर, तुमच्या ताटात लाखोळीची दाळ आणि भात, कोपऱ्यात जवसाची चटणी. मी दाराआड. मला अजून त्या दाळीचा वास येतो.

‘फुकटात भेटते तं पैसे काऊन देता जी?’ आई म्हणाली. ‘डबा नेता तो नेता, अन् तिथी पैसे बी देता? माह्या हातचं गोड लागत नाई का?’

तुम्ही भात कालवत राहिलात.

‘मी पुसून राह्यली तुमाले.’

‘लागते ना गोड,’ तुम्ही म्हणालात. ‘ते अलग आहे.’

‘अलग म्हंजे काय? हाटेलातलं खानं म्हंजे पैशाले काडी लावनं आहे. अन् तुमच्यासाठी तं काडी बी फुकट होती.’

बघा, माझा गाजलेला लेख कुणाचा आहे ते. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

आणि मग तो दिवस, मी चौथीत असेन, उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही मला गाडीवर नेलंत. इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर घडी घातलेलं पोतं टाकून मला बसवलं. मूल गाव मागे सुटलं की दोन्हीकडून साग आणि मधे आपली लाल गाडी, आणि ती माझे बाबा चालवत आहेत, म्हणजे जंगल माझेच बाबा मागे ढकलत आहेत अशी माझी समजूत. नागभीडच्या अलीकडे तुम्ही गाडी उभी केली. चाचा मागे गेले. तुम्ही माझा हात धरून समोरच्या बाकावर बसलात. हॉटेलवाला खांद्यावरचं फडकं सावरत आला.

‘भाऊ, तुमची व्यवस्था मागं हाय ना.’

‘हाय ना. असू दे.’

‘पोरगी सोबत हाय म्हून म्हनलं. मागं सावली हाय, थंड हाय.’

‘तिले रस्ता पाहाचा आहे,’ तुम्ही म्हणालात.

मला रस्ता बघायचा नव्हता. मी अख्खा रस्ता बघतच आले होते. मला आलूबोंडा बघायचा होता. तो आला, वर तर्री ओतलेली, आणि मी तो असा खाल्ला की प्लेट धुवायची गरजच उरू नये. खाऊन झाल्यावर मी शहाण्या मुलीसारखी उठले. घरी आईनं लावलेली शिस्त. प्लेट उचलली आणि नळ शोधायला लागले.

‘ठेव ते!’

तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तो आवाज गाडीच्या हॉर्नसारखा आला. आजूबाजूची माणसं खाता खाता थांबली. मी प्लेट ठेवली, तुम्ही पैसे दिले, आणि आपण उठून आलो. प्लेट टेबलावर तशीच, तर्रीचा लाल डाग असलेली. मी वळून वळून बघत होते, कुणीतरी हाक मारेल म्हणून. कुणी मारली नाही.

गाडी चालू झाल्यावर मी रडत होते. तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता बोललात, जवळजवळ काचेशी. तुमचे वडील नागभीडच्या बाजाराला जात, तेव्हा तिथल्या चहावाल्याकडे त्यांचा कप वेगळा असे. कान तुटलेला, बाहेर कडूनिंबाच्या बेचक्यात ठेवलेला. स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळायचा, परत बेचक्यात ठेवायचा. ‘माहा बा पैसे बी द्याचा अन् कप बी विसळाचा,’ तुम्ही म्हणालात. ‘मी जेवाचे पैसे नाई देत, माय. जेवन तं तुही आई देते डब्यात. मी उठून जाचे पैसे देतो.’

हे मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं आता ती गहिवरेल. तिनं ऐकून घेतलं, पातेल्यातला भात खालीवर केला आणि तुम्ही आल्यावर एवढंच विचारलं, ‘अन् घरी रोज तुमी उठून जाता ते ताट कोन उचलते जी? त्याचे पैसे कोनाले देता?’

बाबा, त्या क्षणी तुमचा जो चेहरा झाला, तसा मला लेख लिहून एकाही पुढाऱ्याचा करता आला नाही.  त्या रात्रीपासून घरातलं ताट तुम्ही स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवायला लागलात, आणि हॉटेलातलं मरेपर्यंत कधी उचललं नाहीत. आई शेवटपर्यंत ‘चुराडा’च म्हणत राहिली. तरी ती हे शेजारणींना सांगायची, नवऱ्याची तक्रार करतो आहोत असा आव आणून.

हे सगळं मी आज का उगाळते आहे, ते सांगायचं मी टाळते आहे.

बाजूच्या भिंतीवर बुद्धाच्या शेजारी एक खिळा आहे. नुसता खिळा. निळ्या कोटातला फोटो मी सकाळी काढला. त्या ड्रायव्हरनं काल इथून जाता जाता म्हटलं होतं, ‘तो फोटो जरासा मागं घे ना बाबू. मले काई नाई, आपल्याले सगळे सारखे. पब्लिक पाहाते.’ पोरानं साफ सांगितलं, फोटो तिथीच राहीन. मला त्याचा अभिमान वाटला आणि रात्रभर झोप लागली नाही, दोन्ही एकदमच. सकाळी तो भट्टी पेटवत होता तेव्हा मी बाकावर चढले आणि फोटो काढला. ‘पुसून आणते,’ म्हणाले. मागे नेला आणि पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवला. बुद्धाला हात लावला नाही. बुद्ध चालतो सगळ्यांना, बैठकीतल्या शोकेसमध्ये सुद्धा चालतो. फडकं शोधलं नाही. पुसायचा नव्हताच. इथे येऊन बसले, खिळ्याकडे पाहिलं, आणि मग कळलं मी त्यांना कुठे बसवून आले ते. नळाजवळ. मागे, सावलीत, थंड आहे तिथे.

कळलं म्हणजे उठले असं नाही. अजून बसलेलीच आहे. पोराचे आलूबोंडे थंड होत आहेत, रस्ता रिकामा आहे, आणि मी मनात म्हणते आहे, आजच्या दिवस फक्त. एकदा गाडीला सवय लागू दे, मग लावू. माझ्या लेखात असं म्हणणारा माणूस आला असता तर मी त्याचं काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

हॉर्न वाजतो आहे. गाडी वळली.

आता दुपार उलटून गेली आहे. गाडी येऊन गेली. मघाशी पेन टाकून उठले ते आत्ता बसते आहे.

गाडी थांबली आणि मी मागे धावले. फोटो आणायला की आणखी आत लपवायला, हे मला खरंच माहीत नव्हतं. तर ड्रायव्हर माझ्याआधी तिथे. सवयीनं सरळ मागे आला होता, पालथा डबा ओढून पिंपासमोर बसला होता, आणि पिंपाला टेकून निळ्या कोटातला फोटो. दोघं समोरासमोर, व्यवस्थेत. मला पाहून तो समाधानानं म्हणाला, ‘इथी ठेवला का? चांगलं केलं बाई. समजदार हाव तुमी.’

मला आयुष्यात खूप लोकांनी शिव्या दिल्या आहेत, त्यानं कधी काही झालं नाही. या कौतुकानं मात्र तळपायापासून जाळ उठला. फोटो उचलला आणि पुढे आले. तोवर अर्धी गाडी उतरून आत उभी होती. सकाळी गुपचूप काढलेला फोटो आता गाडीभर लोकांच्या देखत, बाकावर चढून, सहावारीच्या निऱ्या सावरत लावायची वेळ आली. तो जागेवर असता तर निम्म्या लोकांनी मान वर करून पाहिलाही नसता. आता सगळे पाहत होते. दोरी खिळ्याला सापडेना. मागून एका फेटेवाल्या म्हाताऱ्याचा आवाज आला, ‘डाव्या हाताले जाऊ द्या बाई. आनखी. हां. आता उतरा, पडसान.’

उतरले. दोघं-तिघं सावकाश बाहेर पडले आणि पानठेल्याकडे गेले. त्यांना पान खायचं होतं की आमच्याकडचं खायचं नव्हतं, कोण जाणे. उपास आहे असं मात्र कुणी म्हणालं नाही. फेटेवाला म्हातारा बसला आणि म्हणाला, ‘आन बाबू, गरम असन तं आन.’ पोरानं दुसरा घाणा टाकला. मग आणखी काही बसले, काही उभ्यानं खायला लागले. मी प्रत्येकाचा चेहरा वाचत होते. आवडला का, वर बघतो का, अर्धा का टाकला. ड्रायव्हर मागून आला, ताटासाठी घुटमळला, तसा पोरगा म्हणाला, ‘भाऊ, मागं फक्त पानी आहे. बसाची जागा इथीच. समोर या.’ तो त्या फोटोखाली बसला आणि ताटात मान घालून जेवला. पब्लिक त्यालाही पाहत असेल, हे मला तेव्हा सुचलं.

आणि एक बाई. माझ्याच वयाची, कडेला बसलेली, मांडीवर डबा. तिनं तो उघडला. तांदळाची भाकर आणि आंबाडीची भाजी, घरची. हॉटेलात बसून घरचा डबा खाणारी बाई. मला आईच दिसली. खाऊन झाल्यावर तिनं हाक मारली, ‘बाई, पानी द्या जी.’

मी ग्लास नेला. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, आणि पाणी वरून प्यायली. आपल्याकडे प्रवासात सगळेच वरून पितात, मीही पिते. तरी मी तिच्या ओठांत आणि ग्लासाच्या काठात राहिलेल्या त्या अंतराकडे इतकी बघत होते की ती ओशाळून म्हणाली, ‘आनखी एक भेटन का?’ दुसरा दिला. तोही वरून. काय समजायचं, बाबा? मला अजून समजलेलं नाही. पिऊन ती उठली आणि रिकामा ग्लास घेऊन नळ शोधायला लागली.

‘ठेवा ते!’

आवाज माझाच होता. गाडीच्या हॉर्नसारखा. ती दचकली.

‘मी तं काई घेतलं नाई बाई,’ ती म्हणाली, ‘पानीच पेली. म्हून म्हनलं, विसळून देतो.’

‘तरी राहू द्या,’ मी म्हणाले. ‘इथे कुणी आपलं विसळायचं नसतं.’

तिनं ग्लास टेबलावर ठेवला. जाताना वळून वळून बघत होती. ती कोण होती, आपल्यातली, कुण्या पाटलाची, की गोंडाची, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं असं वाटलं, याचीच लाज वाटते आहे.

ड्रायव्हरला पोरानं विचारलं, ‘उद्या?’ त्यानं गाडीवर चढता चढता मिशीला हात पुसला. ‘बोंडा चांगला होता,’ म्हणाला. ‘उद्या मी नाई, दुसरा आहे. त्याले सांगून पाहातो.’ सांगतो नाही, सांगून पाहातो. त्या ‘पाहातो’वर आम्ही मायलेक उद्या दुपारपर्यंत जगायचं आहे. पोरगा म्हणतो, होईल सगळं. तुमचे जावई संध्याकाळी निकाल विचारतील, आणि मी सांगणार आहे की पेपर उद्या पुन्हा आहे. फोटो थोडा डावीकडे कलला आहे. तो मी तसाच ठेवला आहे. सरळ करायच्या निमित्तानं बाकावर चढले, तर तो पुन्हा खाली यायचा.

सगळे गेल्यावर पोरानं माझ्यासमोर प्लेट ठेवली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. समोरच्या बाकावर बसून, रस्त्याकडे तोंड करून खाल्लं. खाऊन उठले, तर प्लेट हातातच. नळाकडे निघाले आणि मधेच थांबले. घर म्हणावं तर तुम्ही ती उचलली असती, हॉटेल म्हणावं तर कधीच नाही. आणि हे काय आहे ते उद्याची गाडी आल्याशिवाय कळायचं नाही.

‘आई, काऊन उभी राहिलीस?’ पोरगा म्हणाला.

मी परत गेले आणि प्लेट टेबलावर ठेवली, तर्रीच्या डागासकट, आणि उठून आले. पण बाबा, पैसे दिले नाहीत. गल्ल्यापर्यंत गेले आणि आईचा आवाज आला, किती गेले म्हणून. तेवढी मी तिची आहे.